फरार आरोपी शोधून अटक करणाऱ्या पोलिसाचं काम नेमकं कसं असतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हे काम रोजचं कसं चालतं, आणि त्यासाठी पोलिसातच जावं लागतं की खासगी डिटेक्टिव्ह होऊनही जमेल. मी महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झालोय. नोकरीचा मोठा भाग पोलीस ठाण्याच्या डीबी पथकात, म्हणजे गुन्हे शोध पथकात, आणि नंतर एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत गेला. ‘पाहिजे’ आणि ‘फरार’ आरोपींची यादी कायम खिशात असायची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. खासगी डिटेक्टिव्ह माहिती काढू शकतो. अटकेचा त्याला इतर कुठल्याही नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला, किंवा न्यायालयाने फरार घोषित केलेल्याला, कोणीही पकडू शकतो. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. यावर कोणाचा व्यवसाय चालत नाही. तेव्हा वर्दी हवीच, मग ती बहुतेक दिवस घरी खुंटीला टांगलेली का असेना. आम्ही फिरतो ते साध्या वेशात.

आता काम. धावपळ, झटापट, गाडीमागे गाडी हे प्रकार वर्षाकाठी थोडेच. बाकी सगळा वेळ एकाच गोष्टीत जातो: हा माणूस तोच आहे का, याची खात्री करण्यात. ठावठिकाणा लागतो हो, आज ना उद्या लागतोच. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या दरोड्यातला आरोपी आज कसा दिसत असेल? ठाण्यातला फोटो असला तर धूसर, केस गेलेले, वजन वाढलेलं, आणि नावही बदललेलं. अशा वेळी चुकीच्या माणसाला बायकापोरांसमोर गाडीत घातलं तर त्याची गल्लीतली इज्जत जाते, आणि ती कोणतं कोर्ट भरून देणार?

चार्ल्स शोभराजचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. १६ मार्च १९८६ला तो पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तिहारमधून पळाला आणि तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये धरला. लोक त्यातलं धाडस सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की झेंड्यांनी त्याला १९७१ साली एकदा अटक केलेली होती. चेहरा त्यांच्या डोक्यात होता. जागतिक कीर्तीच्या आरोपीच्या बाबतीतही शेवटी ओळखणारा डोळाच कामी आला.

आमच्या वाट्याला असे आरोपी येत नाहीत. आमचा आरोपी म्हणजे जामिनावर सुटून तारखांना यायचं बंद केलेला, किंवा गुन्हा करून त्याच रात्री परमुलखात निघून गेलेला माणूस. तो गाव सोडतो, नाव सोडतो, मोबाईल टाकून देतो. धंदा मात्र सहसा सोडत नाही, कारण हाताला दुसरं काही येत नसतं. गवंडी पुन्हा गवंडीकामच धरतो, ड्रायव्हर पुन्हा स्टिअरिंगवरच बसतो. आणि नातं तर तुटतच नाही. म्हणून नवीन पोरांनी सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी), टॉवर लोकेशन म्हणून नाचायला सुरुवात केली की मी त्यांना आधी घरची माणसं मांडायला सांगायचो: बहिणी कुठे दिल्यात, सासुरवाडी कुठली, आई कोणाकडे राहते, औषधं कोण आणून देतं. सीडीआर हवा असतोच, पण तो अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागवावा लागतो, आणि कोणाचा नंबर मागवायचा हे तर आधी ठरायला हवं ना!

एकदा असाच एक जुना आरोपी आम्हाला लग्नपत्रिकेत सापडला. त्याच्या पुतणीचं लग्न होतं. आपल्याकडे पत्रिकेत खाली ‘आपले नम्र’ म्हणून सगळा गोतावळा छापतात, आणि बाहेरगावचा असेल तर नावापुढे कंसात गावही. त्या यादीत एक नाव असं होतं की त्या घरातल्या कोणत्याच काकाला ते लागू होत नव्हतं. आडनाव तेच, नाव वेगळं, कंसात गुजरातमधलं एक तालुक्याचं गाव. इतक्या वर्षांनी कोण शोधतंय असं घरच्यांना वाटलं असावं. आणि सख्ख्या काकाला पत्रिकेतून वगळायचं तरी कसं?

त्या गावात त्याचं पंक्चरचं दुकान होतं. जुन्या अटक फॉर्मवर ओळखीची खूण लिहिलेली: डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नाही. आम्ही मोटारसायकलच्या मागच्या चाकातली हवा सोडली आणि ढकलत त्याच्याकडे नेली. पंक्चरवाला फार सोयीचा माणूस असतो. बाह्या वर, दोन्ही हात पाण्याच्या टोपात, ट्यूब दाबत बुडबुडे बघत बसलेला, आणि समोर बसून त्याच्या हातांकडे टक लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याला संशयही येत नाही. ट्यूब फिरवताना बोट दिसलं. पंक्चर नाहीच, वॉल सैल आहे म्हणाला आणि पैसे घ्यायलाही तयार होईना. आम्ही बळेच दिले, गाडी घेतली आणि निघालो.

तिथेच का नाही धरला? बोटाची खूण एकट्याने पुरत नाही. दुसऱ्या राज्यात साध्या वेशातल्या तिघांनी एका दुकानदाराला उचललं तर बाजार गोळा होतो, आणि लोकांनी आम्हालाच पळवून नेणारे समजण्यात काही गैर नाही. म्हणून आधी तिथल्या ठाण्यात गेलो, वॉरंट दाखवलं, स्टेशन डायरीला नोंद केली, त्यांचे दोन अंमलदार बरोबर घेतले आणि दुकान वाढवायच्या वेळेला पुन्हा गेलो. खरं नाव घेऊन विचारल्यावर तो काहीच बोलला नाही. टोप उलटा करून पाणी ओतून दिलं, शटर ओढलं आणि घरी कळवू द्या म्हणाला. नातेवाइकाला कळवणं हा त्याचा हक्कच आहे, ते आमचे उपकार नव्हेत. त्याच्या बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिच्याशी बोलायला महिला अंमलदार बरोबर असायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले तेव्हा खात्री पक्की झाली. ठशांवर माझा सगळ्यात जास्त विश्वास. १८९७ साली कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो निघाला आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन अधिकाऱ्यांनी ठशांचं वर्गीकरण बसवून दिलं, तेव्हापासून हे शास्त्र आपल्याच मातीत वाढलंय. आता आपल्याकडे अ‍ॅम्बिस आहे, देशपातळीवर नाफिस आहे; दोन्ही ठसे जुळवणाऱ्या संगणक प्रणाली. नाव बदलून राहणारा माणूस दुसऱ्या गावी किरकोळ मारामारीत पकडला जातो, ठसे घेतले जातात आणि जुना खून वर येतो.

यानंतरचं काम कोणी विचारत नाही, आणि अटक टिकते ती तिथेच. मेडिकल, पंचनामा, चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, परराज्यातून आणायचं तर ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला तिथून आणायची तिथल्या न्यायालयाची परवानगी. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. लगेच देणं शक्य नसेल तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे, नाहीतर अटकच बेकायदा ठरते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना ही कटकट वाटते. मला वाटत नाही. ज्याने महिनोन्‌महिने माग काढला त्याला दोन पानं नीट लिहायचा कंटाळा यावा, हे मला पटत नाही.

भरतीचं म्हणाल तर डीबीत थेट कोणी घेत नाही. बारावीनंतर शिपाई भरती, किंवा पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक. मग बंदोबस्त, रात्रपाळी, समन्स बजावणं, हे सगळं करावं लागतं. समन्सच्या कामाला नाकं मुरडू नका. गल्ल्या, पाडे, वस्त्या आणि माणसं तिथेच पाठ होतात, आणि खबरीही तिथेच भेटतात. ठाण्याचे वरिष्ठ बघत असतात कोणाला माणसं ओळखता येतात, आणि मग पथकात घेतात.

ठाण्यात रुजू झालात की वॉरंटचं रजिस्टर मागून घ्या. अजामीनपात्र वॉरंट न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत असतं, त्यामुळे त्यात तुमच्या जन्माआधीचीही नावं सापडतील. आरोपी मिळत नाही म्हणून अशी प्रकरणं डॉर्मंट होतात, म्हणजे नुसती पडून राहतात, साक्षीदार म्हातारे होतात, काही जातात. फरार घोषित आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालवायची सोय नव्या संहितेत कलम ३५६ने केली आहे, पण शिक्षा भोगायला माणूस लागतोच. त्या रजिस्टरमधलं सगळ्यात जुनं खुनाचं वॉरंट काढा, फिर्यादीचा पत्ता घ्या आणि आरोपीच्या मागे लागण्याआधी त्या घरी जाऊन या. बहुतेक ठिकाणी अजून कोणीतरी असतं, आणि आरोपीबद्दल तुमच्या फाइलीत नसलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं.