आईचे कपाट आवरायचे कधी?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईचे वर्षश्राद्ध आहे. त्याआधी तिचे कपाट रिकामे करावे, असा भावाचा आग्रह आहे. मला मात्र तिची लुगडी नुसती पाहिली तरी रडू कोसळते. मी दुःख धरून बसले आहे का?

उत्तर : ताई, तसे वाटत नाही. दुःखाच्या पाच पायऱ्यांविषयी (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आपण ऐकले असेल. पण मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या, त्यामुळे मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार अनुभवाशी अधिक जुळतो : शोकाकुल माणूस कधी आठवणींत बुडतो, कधी वीजबिल भरण्यासारख्या कामांत गुंततो, आणि या ये-जा करण्यातूनच सावरतो.

तेव्हा भावासोबत बसून एका वेळी एकच खण उघडावा (त्याची घाई हीदेखील दुःख टाळण्याची रीत असू शकते). दोन-तीन लुगड्यांची गोधडी शिवून घ्यावी. उरलेली कोणाला द्यायची, हे मन तयार झाल्यावर ठरवता येईल.

मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक तसाच राहून झोप, जेवण, कामधंदा बिघडला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलावे.