बिरड्याचा सण आणि त्याआधीच्या शब्बाथचे वाचन

प्रश्न : आमच्या शेजारचे बेने इस्राएल (कोकणातले यहुदी) कुटुंब पावसाळ्यात एक कडक उपवास करीत असे आणि त्या दिवसाला घरातली वडीलधारी मंडळी ‘बिरड्याचा सण’ म्हणत. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा तो शोकदिन असल्याचे मला पुढे कळले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या वास्तूसाठी आजही शोक करण्यात आध्यात्मिक अर्थ काय? त्याआधीच्या शनिवारी तोरा या यहुदी धर्मग्रंथाचा ठरावीक भाग वाचतात, त्याचा या उपवासाशी काय संबंध? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : यहुदी पंचांगातील आव महिन्याची ती नववी तिथी, म्हणजे तिशा बआव. कोकणातल्या बेने इस्राएलांनी तिला जेवणातल्या वालाच्या बिरड्यावरून नाव दिले. वाल भिजत घालावेत, मोड आणावेत आणि एकेक दाणा सोलावा, हे काम किती सावकाशीचे असते हे आपल्याला सांगायला नकोच. पहिले मंदिर बाबिलोनी सैन्याने इ. स. पूर्व 586 मध्ये पाडले आणि दुसरे रोमन सैन्याने इ. स. 70 मध्ये. परंपरेने या दोन्ही संहारांचा शोक याच तिथीशी जोडला आहे.

शोक इमारतीसाठी आहे असे मानले, तर आपला प्रश्न रास्तच ठरतो. परंतु यहुदी धर्मगुरूंनी ‘मंदिर कोणी पाडले’ यापेक्षा ‘आमचे काय चुकले’ या प्रश्नावर अधिक भर दिला, आणि माझ्या मते या उपवासाचा सारा अर्थ तिथेच आहे. पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार व रक्तपात यांमुळे गेले. दुसऱ्याच्या काळात लोक तोराचे अध्ययन करीत होते, आज्ञा पाळीत होते, दानधर्मही करीत होते, तरीही ते गेले, कारण त्यांच्यात एकमेकांविषयी निष्कारण द्वेष होता, असे तालमूद हा यहुदी धर्मगुरूंचा प्राचीन ग्रंथ सांगतो.

तालमूदमध्येच एक कथा आहे. एका गृहस्थाने आपला मित्र काम्सा याला मेजवानीचे बोलावणे धाडले. नोकराने चुकून बार काम्साला आणले आणि त्याच्याशी तर यजमानाचे वैर होते. भरल्या पंगतीतून उठवू नये म्हणून बार काम्साने आधी आपल्या जेवणाचा, मग अर्ध्या मेजवानीचा आणि शेवटी सगळ्या मेजवानीचा खर्च देऊ केला; पण यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढले. त्या अपमानाच्या सुडापोटी तो रोमनांकडे चुगली करायला गेला. या कथेत मला सर्वांत अस्वस्थ करते ती यजमानाची उद्धटाई नव्हे, तर पंगतीला बसलेल्या विद्वान रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, मौन. बार काम्साचा राग पेटला तोही त्या मौनामुळेच.

आता शनिवारच्या वाचनाकडे वळू. तिशा बआवच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाला, नेहमी ‘देवारीम’ हा पराशा (तोराचा आठवड्याचा पाठ) येतो. मराठी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तो आरंभ आहे. मृत्यू जवळ आलेला मोशे यार्देन नदीच्या अलीकडे उभा राहून इस्राएलांना त्यांच्या चुका ऐकवतो. होरेब पर्वतापासून देशाच्या वेशीवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे दुसरे वचन सांगते आणि लगेच पुढचे वचन चाळिसावे वर्ष उजाडल्याचे नोंदवते. इतकी वर्षे कशात गेली, याचा उलगडा हेरांच्या प्रसंगात होतो. देवाने देऊ केलेल्या देशाची पाहणी करून आलेल्या हेरांचे बोलणे ऐकून लोकांनी पुढे जायचे नाकारले, म्हणून त्यांना रानात भटकावे लागले. ते बोलणे ऐकून लोक आपापल्या तंबूंत कुरकुरू लागले, की परमेश्वर आमचा द्वेष करतो म्हणूनच त्याने आम्हांला मिसरमधून बाहेर काढले. ज्याने गुलामीतून सोडवले, त्याच्याच मनात त्यांनी द्वेष पाहिला! हेरांच्या बोलण्याने लोक रडले ती रात्र नवव्या आवचीच होती, असे धर्मगुरू मानतात. म्हणून मंदिराच्या शोकाचे मूळ ते थेट या तंबूंतल्या कुरकुरीपर्यंत नेतात.

त्याच शब्बाथला यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्यायही वाचतात. तुमच्या होमबलींचा मला वीट आला आहे, न्याय शोधा, अनाथाची दाद घ्या, विधवेची बाजू मांडा, असे त्यात देव बजावतो. आणि हे मंदिर दिमाखात उभे असतानाचे बोल आहेत. आधी ही कानउघाडणी ऐकायची आणि मग जमिनीवर बसून, मंद उजेडात जेरुसलेमच्या नाशावरचे ‘विलापगीत’ हे पुस्तक वाचायचे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. स्वतःकडे न पाहता केलेला शोक हळूहळू दुसऱ्याविषयीच्या तक्रारीत बदलतो, आणि तक्रारीतून पुन्हा द्वेषच उपजतो.

प्रश्न : एकादशीसारखा या उपवासाला फराळ चालतो का? आजारी माणसाने काय करावे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : फराळ नाही आणि पाणीही नाही. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे 25 तास हा उपवास चालतो. अंघोळ, तेल-अत्तर आणि चामड्याची पादत्राणेही वर्ज्य असतात. एरवीचे तोराचे अध्ययनसुद्धा त्या दिवशी थांबते, कारण त्यात आनंद आहे. ही तिथी शनिवारी आली, तर शब्बाथचा मान राखून उपवास रविवारी करतात. 2022 मध्ये तसेच झाले होते. आजाऱ्याला मात्र उपवासातून मोकळीक असते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आपल्या रब्बींना आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे.