आधी झाड, मग झाडावरचा उतारा

तुम्ही विचारलंय की सातवीच्या मुलांना झाडापक्ष्यांच्या वर्णनाचे धडे रटाळ वाटतात, ‘ह्यात गोष्ट कुठे आहे?’ असं विचारतात, आणि विशेषणं अधोरेखित करून घेण्यापलीकडे काय करावं ते सुचत नाही. मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत २२ वर्षं मराठी शिकवते आहे. ह्यातली निम्मी वर्षं मीही विशेषणंच अधोरेखित करून घेतली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकदा सहावीच्या वर्गात बकुळीवरचा उतारा वाचत होते. मन लावून वाचत होते, पण समोर सगळे चेहरे कोरे. ‘बकुळ कोणी पाहिली आहे?’ विचारलं तर एकही हात वर नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर देवळामागे बकुळीचं जुनं झाड आहे आणि अर्धा वर्ग रोज तिच्या सड्यावरून चालत येतो. मग लक्षात आलं की आमच्याकडे बकुळीला ओवळ म्हणतात, आणि मी नुसतं म्हटलं, ‘अरे, ओवळ!’ वर्गात एकदम गलका झाला. ‘बाई, म्हंजे ओवळां! आजयेच्या पेटयेत आसत!’ एकीने सांगितलं की आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यांत गेल्या वर्षीचा वळेसर, म्हणजे ओवळांचा गजरा, आहे, सुकून तपकिरी झालाय, पण वास अजून येतो. तोच उतारा मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. लेखकाने सुकल्यावर टिकणाऱ्या वासाबद्दल जे लिहिलं होतं त्या ओळीला दोन-तीन मुलांनी माना डोलावल्या. कोणी सांगितलेलं नसताना.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी झाड बघायचं. मग ते आपल्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करायचा, आणि तो थोडा फसू द्यायचा. लेखकाचा उतारा सगळ्यात शेवटी. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. मुलाला वर्णनाचा कंटाळा येतो, कारण ज्या अडचणीवर लेखकाने मात केली ती अडचण त्याला कधी आलेलीच नसते. ‘हे शब्दांत कसं पकडू?’ असं स्वतः दहा मिनिटं झगडलेलं मूल दुसऱ्याने ते कसं पकडलं हे फार बारकाईने वाचतं.

आमच्याकडे ह्यासाठी मी भेरली माड निवडते. तुमच्या भागात सुरमाड म्हणत असतील. नारळाच्या माडासारखा उंच, पण फुलोरा लांबलचक जटांसारखा खाली लोंबतो. मुलांना झाडाखाली नेऊन बसवते. दहा मिनिटं गप्प बसायचं, मग तीन ओळी लिहायच्या. अट एकच, फळ्यावर लिहिलेले शब्द वापरायचे नाहीत. ते शब्द असे: सुंदर, मनमोहक, विलोभनीय, हिरवेगार, डौलदार, मंजुळ. हे शब्द वाईट नाहीत, पण गाईडमधून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत फिरून फिरून त्यांची धार गेली आहे. आंब्यालाही तेच लावता येतात आणि सुरूलाही, म्हणजे ते कोणत्याच झाडाचे उरलेले नाहीत.

पहिल्या दिवशी मुलं अडतात. पेन्सिली चावतात. अडू द्या, लगेच मदतीला धावू नका. मग एखादी मुलगी लिहिते, ‘न्हाऊन केस मोकळे सोडलेल्या बाईसारखा.’ एका मुलाचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीला, जातात. त्याने लिहिलं, ‘जाळी सुकत घातली आहेत.’ त्याच मुलाने पानाबद्दल लिहिलं होतं, ‘पान पूर्ण नाही, माशाच्या शेपटीसारखं तुटलेलं आहे.’ मी त्याला सांगितलं की इंग्रजीत ह्या झाडाला फिशटेल पाम म्हणतात, म्हणजे माशाच्या शेपटीचा माड. त्याने ते नाव ऐकलेलं नव्हतं, पण कुणा परक्या माणसाला पान बघून जे सुचलं तेच त्यालाही सुचलं होतं. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही.

मग मी झाडाची हकिगत सांगते. भेरल्या माडाचा फुलोरा शेंड्याजवळ सुरू होतो आणि पुढचे फुलोरे खाली खाली येत जातात. सगळ्यात खालच्या फुलोऱ्याची फळं पिकली की झाड मरतं. हे ऐकल्यावर वर्ग शांत होतो, आणि पुन्हा लिहायला सांगितलं की ओळी बदललेल्या असतात. ‘गोष्ट कुठे आहे?’ ह्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. झाडाच्या वर्णनात गोष्ट असतेच, पण ती झाडाच्या गतीने चालते. मुलांना ती गती माहीत असायला हवी.

सातविणीचंही तसंच. नाव सातवीण, म्हणून सगळे छातीठोकपणे सांगतात की पानं सात. मी प्रत्येकाला एक झुबका मोजायला लावते. कोणाला पाच मिळतात, कोणाला सहा, कोणाला आठ. ‘मग नाव चुकीचं?’ ह्यावर अर्धा तास वाद होतो. आषाढ अमावस्येला घरी तिच्या सालीचा कडू रस प्यायलेली मुलं असतात, त्यांच्या जिभेला हे झाड ठाऊक असतं. शास्त्रीय नावातलं ‘स्कोलॅरिस’ शाळेवरून आलं आहे, कारण ह्या लाकडाच्या लिहायच्या पाट्या करत असत, हे सांगितलं की मुलं खोडाला हात लावून बघतात. एवढं सगळं अंगात मुरल्यावर सातविणीच्या रात्रीच्या उग्र वासावरचं कुठलंही वर्णन वाचा, कोणी जांभई देत नाही.

पक्ष्यांची रीत मात्र वेगळी. झाड थांबतं, पक्षी थांबत नाही, म्हणून पक्ष्याच्या वर्णनाचा जीव क्रियापदात असतो. मुलं लिहितात, ‘खंड्या तारेवर बसला होता. तो निळा होता.’ मी विचारते, ‘मग काय केलं त्याने?’ ‘पाण्यात गेला.’ ‘गेला? चालत गेला?’ मग हळूहळू येतं: सुटला, कोसळला, आपटला, घुसला. एकाने लिहिलं, ‘खंड्याने स्वतःला पाण्यात फेकलं.’ त्या वाक्यात एकही विशेषण नाही. असं वाक्य वर्गात जन्मलं की तेच फळ्यावर लिहा, आठवडाभर पुसू नका. बगळ्याबद्दल एक मुलगी म्हणाली, ‘रापणीच्या दोरीसारखो ताणून रवता.’ मी ते मालवणीतच वहीत लिहायला सांगितलं. प्रमाण मराठीत ‘ताणून राहतो’ केलं की ‘ताणून रवता’तला ताण जातो. परीक्षेत काय लिहायचं ते नंतर शिकवता येतं. बघण्याची भाषा मात्र घरचीच राहू द्या.

आवाजांचंही असंच. ‘किलबिल’ हा शब्द मी वर्षभरासाठी काढून घेते आणि प्रत्येकाने आपल्या कानाला जे ऐकू येईल ते अक्षरांत लिहायचं. तांबटाचं टुक-टुक सोपं. पावशा जूनमध्ये टाहो फोडतो तेव्हा मोठी माणसं त्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकतात. मुलांना वेगळं ऐकू येतं, येऊ द्या. फक्त एक नीट ऐकायला सांगा: प्रत्येक हाकेगणिक सूर चढत जातो आणि एकदम तुटतो. हे ज्याने स्वतः ऐकलं, त्याला लेखकाने तिथे लांब वाक्य का लिहिलं आणि मग अचानक पूर्णविराम का दिला हे समजावून सांगावं लागत नाही.

बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. आमच्याकडे पावसात सुगरणीचे खोपे माडांवर लोंबतात. कविता घेण्याआधी मी दोन आठवडे मुलांना ते बघायला सांगितलं होतं. ज्या दिवशी कविता वाचली त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. ‘बाई, घरटां नरच बांधता. पिवळ्या टकलेचो तो.’ त्याचं म्हणणं खरं होतं. सुगरण पक्ष्यात विणकाम नर करतो. अर्धा खोपा झाला की मादी येऊन पारखते, तिने पसंत केला तरच तो खालची नळी पूर्ण करतो. कवितेत मात्र पिल्लांसाठी झोका टांगणारी ती आहे.

वर्गाचे दोन तट पडले. एक गट म्हणाला, कविता चुकली. दुसरा गट रडकुंडीला आला, कारण त्यांना कविता आवडली होती. मी विचारलं, ‘कवितेतलं काय काय तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?’ झाडाला टांगलेला झोका बघितला होता. एवढ्याशा चोचीने सगळं काम होताना बघितलं होतं, आणि कवितेतला दोन हात, दहा बोटं असलेल्या माणसाला दिलेला टोला त्यामुळेच त्यांना लागला. अंडी मादीच उबवते, पिल्लांचं बहुतेक सगळं तीच करते, म्हणजे आईपण कुठे खोटं नव्हतं. विणणारा कोण, एवढंच वेगळं. त्या मुलाला मी बसवलं नाही, आणि ‘कवितेत असं चालतं’ असं म्हणून त्याचं बोलणं मोडूनही काढलं नाही. दोन्ही गोष्टी वहीत शेजारी शेजारी लिहायला लावल्या: बहिणाबाईंनी काय पाहिलं आणि आपण काय पाहिलं. माझं ठाम मत आहे की रसग्रहणाची सुरुवात अशा वेळी होते. लेखकाच्या डोळ्यांशी आपले डोळे ताडून बघायची हिंमत आली की मग त्याच्याबद्दल खरा आदरही येतो. नुसतं ‘कवयित्रीने सुंदर वर्णन केले आहे’ लिहून तो येत नाही.

आता वाचायचं काय आणि किती. सातवीसाठी एका वेळी आठ-दहा ओळी पुरे. मोठ्याने दोनदा वाचा, मध्ये अर्थ सांगू नका. आणि ऋतू सांभाळा. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं आहे, त्यामुळे त्या त्या महिन्यात त्यातला एखादा परिच्छेद काढता येतो. पूर्ण लेख ह्या वयाला जड जातो, हे सांगून ठेवते. श्रावणातलं वर्णन एप्रिलच्या उन्हात शिकवलं तर लेखक कितीही थोर असो, तो हरतो. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांचा क्रम मुख्याध्यापकांशी बोलून पुढेमागे करता येतो, मी दर वर्षी करते.

आणखी एक. पुस्तकी नाव आणि घरचं नाव अशी दोन रकान्यांची वही प्रत्येकाकडे असू द्या. बकुळ-ओवळ, भारद्वाज-कुकुडकुंबा, कोकम-रातांबा. ह्यासाठी मुलं आजीआजोबांना विचारतात आणि नावाबरोबर एखादी आठवण घेऊन येतात.

बाहेर नेताना एक पथ्य कडक पाळा. घरट्याजवळ जायचं नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आमच्या देवराईत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि फटीतून नर तिला भरवतो. तेव्हा आम्ही त्या वाटेनेच जात नाही. लांबून त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, लिहायला तेवढा पुरतो.

शेवटी ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याबद्दल. माझ्या वर्गात एक मुलगा होता, शुद्धलेखनात दहापैकी दोन. ‘माझे आवडते झाड’ ह्या निबंधात त्याने गुलाबावर पाठ केलेल्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या घरची मंडळी सुरंगीच्या फुलांच्या दिवसांत पहाटे झाडावर चढतात, कळी उमलायच्या आत काढावी लागते म्हणून. मी त्याला निबंध परत दिला आणि म्हटलं, ‘लिहू नकोस. सांग, मी लिहून घेते.’ तो वीस मिनिटं बोलला. कळ्या देठाला नाही, सरळ फांदीलाच चिकटलेल्या असतात. काळोखात त्या दिसत नाहीत, बोटांना लागतात. उशीर झाला तर झाड गुणगुणायला लागतं, म्हणजे मधमाश्या आल्या. ‘झाड गुणगुणायला लागतं’ हे शब्द त्याचेच. मी ते जसंच्या तसं लिहून वर्गात वाचलं, आणि त्याखाली त्याचं नाव त्याने स्वतः लिहिलं.

तुमच्या शाळेच्या आवारात किंवा वाटेवर कोणतं झाड आहे ते कळवा. शाळा गावात आहे की समुद्राच्या बाजूला, तेही सांगा. पहिल्या तासाला त्या झाडाखाली काय करता येईल ते मी नक्की लिहीन.