चालणे पुरेसे नाही का?

प्रश्न : माझे वय 69 असून सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज पाऊण तास चालते, तरी जमिनीवर बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही. मांड्याही बारीक झाल्या आहेत. मुलगा वजने उचलण्याचा व्यायाम सुचवतो. या वयात तो झेपेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झेपेल, आणि तो आपल्याला हवाच आहे. चालणे मुळीच सोडू नये. परंतु नेहमीपेक्षा अधिक भार पडल्याशिवाय स्नायू बळकट होत नाही, त्यामुळे केवळ चालण्याने मांड्यांची झीज थांबत नाही. वयोमानाने होणारी ही झीज मधुमेहात अधिक वेगाने होते. शिवाय जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायूच शोषून घेत असल्यामुळे, ते घटले की साखर आवरणेही कठीण जाते. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 55 वर्षांपुढील मधुमेहींनी 16 आठवडे, आठवड्यातून तीनदा भाराचे व्यायाम केले, तेव्हा त्यांचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी 8.7 वरून 7.6 टक्क्यांवर आले.

हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला 12 सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर ते अशक्तपणाचे लक्षण समजावे. व्यायामाची सुरुवातही याच उठबशीने करावी : भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, 8 ते 12 वेळा, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तितकेच, आणि एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. त्या सहज होऊ लागल्या की दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धराव्यात. हातांसाठी उभ्याने भिंतीला हात टेकून काढलेले दंड पुरेत.

मात्र त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, तर जोर लावल्याने रक्तस्राव होऊ शकतो. श्वास रोखू नये, उठताना सोडावा. तळव्यांना बधिरता असेल तर बूट घालूनच व्यायाम करावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत असाल तर आधी साखर मोजावी आणि ती 90 पेक्षा कमी असल्यास काही खाऊन मगच सुरुवात करावी; साखर कधीकधी काही तासांनीही उतरते.

जेवणात डाळ, उसळ, दही, चालत असल्यास अंडी वाढवावीत; पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.