स्मार्ट मीटरच्या आतील वीजपुरवठा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मीटर स्वतः वापरतो ती वीज ग्राहकाच्या बिलात येते का?

उत्तर: सहसा येत नाही. मीटरच्या पॉवर सप्लायची जोडणी शंटच्या (प्रवाह मोजण्यासाठीच्या अगदी लहान रोधाच्या) अलीकडे, म्हणजे खांबाकडून येणाऱ्या बाजूला असल्याने तो प्रवाह मोजलाच जात नाही आणि वितरण हानीत जमा होतो. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्येकी एक वॅट वाचवला, तर २५० मेगावॉटचा अखंड भार कमी होतो.

प्रश्न: ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर चालणारा साधा सप्लाय पुरेल का?

उत्तर: मोजणीची आयसी, मायक्रोकंट्रोलर आणि डिस्प्ले यांच्यापुरता पुरेल, मोडेमला (माहिती पाठवणाऱ्या भागाला) मुळीच पुरणार नाही. २४० व्होल्ट, ५० हर्ट्झला या कपॅसिटरमधून सुमारे ३५ मिलिअँपिअर वाहतात आणि अर्धतरंग रेक्टिफायरनंतर (एसीची एकच अर्धी लहर वापरून डीसी करणाऱ्या भागानंतर) सरासरी १६ हाती लागतात. भार साडेआठ व्होल्ट-अँपिअर (दाब गुणिले प्रवाह) दिसला, तरी प्रत्यक्ष वॅट अगदी थोडे असतात.

माझी खरी काळजी पाचव्या-सहाव्या वर्षाची आहे. या कपॅसिटरमधील फिल्मवरचा धातूचा थर प्रत्येक सूक्ष्म ठिणगीबरोबर थोडा उडतो, कोकणासारख्या दमट हवेत तो गंजतोही, आणि धारकता हळूहळू घटते. धारकता ३० टक्क्यांनी घटली आणि त्याच वेळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरले, तर १६ ऐवजी जेमतेम आठ मिलिअँपिअर उरतात. मीटर तेवढ्यावर चालला पाहिजे. केवळ ‘एक्स-टू’ हा (मेन्सवरच्या कपॅसिटरच्या सुरक्षा-वर्गाचा) शिक्का पाहून कपॅसिटर घेऊ नका. मेन्सला सीरिजमध्ये जोडण्यासाठी बनवलेला आणि ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रतेत तपासलेलाच घ्या.

प्रश्न: आमच्या फ्लायबॅक सप्लायमधील (ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्विचिंग सप्लायमधील) ७०० व्होल्टचा मॉस्फेट, म्हणजे स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर, शेतावरच्या जोडण्यांमध्ये वारंवार जळतो. प्रयोगशाळेत मात्र तो व्यवस्थित चालतो.

उत्तर: न्यूट्रल तुटतो तेव्हा एका फेजच्या मीटरवर ४१५ व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि त्याचे शिखर ५८७ व्होल्ट असते. त्यात ट्रान्सफॉर्मरकडून परावर्तित होणारे शंभरेक व्होल्ट आणि गळती इंडक्टन्सचा (ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीपर्यंत न पोचणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा) झटका मिळवा, म्हणजे ७०० ची मर्यादा का ओलांडली जाते ते उमगेल. किमान ९०० व्होल्टचा मॉस्फेट वापरा. सप्लायच्या इनपुटला ४०० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर समतोल रेझिस्टरसह सीरिजमध्ये लावा. व्हॅरिस्टर (जादा दाब शोषणारा घटक) २७५ व्होल्टचा असेल तर तोही बदला, कारण न्यूट्रल तुटल्यावर तोच आधी पेटतो.

प्रश्न: वीज गेल्याचा शेवटचा संदेश पाठवण्यासाठी किती साठा ठेवावा?

उत्तर: एक फॅरडचा सुपरकपॅसिटर ५ वरून ४ व्होल्टवर उतरताना साडेचार ज्यूल देतो; त्यात दोन वॅटचा मोडेम दोन सेकंद चालतो. टूजी मोडेमचे क्षणिक झटके मात्र दोन अँपिअरपर्यंत जातात, म्हणून सुपरकपॅसिटरचा अंतर्गत रोध आधी तपासा.

प्रश्न: चालू मीटरवर ऑसिलोस्कोप लावता येईल का?

उत्तर: थेट लावू नका. शंट असलेल्या मीटरचा ग्राउंड फेजला जोडलेला असतो आणि प्रोबची क्लिप अर्थला, त्यामुळे सरळ शॉर्टसर्किट होते. आधी मीटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज द्या. तरीही क्लिप जोडताच मीटरचा ग्राउंड अर्थला बांधला जातो आणि दुसरी तार अंगाला लागली तर पूर्ण झटका बसतो, म्हणून डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) मिळत असेल तर तोच वापरा.