गडग्याबाहेर बसून ऐकलं तर चालेल का?

(आवाज, माईक आणि मैफली यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्याने रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्पीकर लावण्याच्या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली आहेत.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचं घर रत्नागिरीजवळच्या एका गावात, हायस्कूलच्या पटांगणापासून हाकेच्या अंतरावर आहे. दिवाळीनंतर तिथे दोन रात्री शास्त्रीय गाण्याची मैफल असते. तिकीट माणशी पाचशे आणि घरात आम्ही पाचजण. सासूबाईंना गाण्याचं वेड आहे, पण गुडघ्यांमुळे त्यांना तीन तास खुर्चीत बसवत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही पटांगणाच्या मागच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, चटई टाकून ऐकलं. त्यावर आमचे दीर म्हणाले, "हे चोरून ऐकणं झालं, मला लाज वाटते." ते सासूबाईंच्या मनाला फार लागलंय. शिवाय तिथे नुसता डग्गा घुमत होता, बंदिशीचे शब्द काही कळत नव्हते. आमचं चुकतंय का? आणि बसायचंच तर कुठे बसावं?
— एक वाचिका

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि यंदाही चटई घेऊनच जायचं, हे त्यांना पक्कं सांगून टाका.

तिकिटाचे पैसे खुर्चीचे असतात, मंडपाचे असतात, गवयाचा चेहरा आणि हात समोरून बघायला मिळतो त्याचे असतात. तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलात म्हणून कोणाची खुर्ची गेली नाही की गवयाचं मानधन कमी झालं नाही. उघड्यावर स्पीकर लावला की आवाज गडग्यावरून पलीकडे जाणारच, हे स्पीकर लावणाऱ्याला आणि कार्यक्रम ठरवणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. मी कर्णे बांधायचो तेव्हापासून हे बघत आलोय. आंब्याखाली, एसटीच्या थांब्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर माणसं बसलेली असायची. त्यांच्यातली कितीतरी आतल्यांपेक्षा जास्त मन लावून ऐकत होती.

आणि आपल्या कोकणात उघड्यावरच्या खेळाला दार कधी होतं? सिंधुदुर्गात जत्रेला देवळासमोर दशावतार उभा राहतो, इकडे शिमग्यात नमन-खेळे होतात, गणपतीत जाखडी नाचते. जो येईल तो बसतो. दशावतारात आरतीचं तबक लोकांमधून फिरतं, ज्याला जे जमेल ते तो टाकतो, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला कोणी उठवत नाही. कनात आणि तिकीट या गोष्टी इथे मागाहून आल्या. त्या वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. चांगला गवई मुंबई-पुण्याहून आणायचा तर पैसा लागतो. पण कनातीबाहेरच्या माणसाला चोर ठरवण्याची रीत आपल्या मातीतली नाही.

तुमच्या दिरांना एक गोष्ट सांगा. पंडित भीमसेन जोशी लहानपणी गदगला भजनाच्या आणि वाजंत्रीच्या मिरवणुकांमागे चालत जायचे आणि दमून वाटेतच कुठेतरी झोपून जायचे. शेवटी वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर "जोशी मास्तरांचा मुलगा" असं लिहून ठेवलं, म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून सोडील. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी त्यांनी पहिल्यांदा ऐकली तीही एका दुकानात वाजणाऱ्या तबकडीवर. त्या आवाजामागे मुलगा घर सोडून गुरूच्या शोधात निघाला आणि पुढे १९५३ साली त्याच माणसाने पुण्यात आपल्या गुरूंच्या नावाने सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. वाटेवर कानावर पडलेल्या गाण्याने हा माणूस घडला. त्याला तेव्हा कोणी हाकललं असतं, तर केवढं नुकसान झालं असतं!

फक्त एक करा. पाचजणांपैकी दरवर्षी एकाने आळीपाळीने तिकीट काढून आत बसावं. असे कार्यक्रम जेमतेम खर्च भागवून चालतात. तुमच्या एका तिकिटाचाही त्यांना आधार असतो.

आता बसायचं कुठे. हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पटांगणाच्या मागे, म्हणजे रंगमंचाच्या पाठीशी बसलात. तिथे डग्गाच ऐकू येणार. स्पीकर बारीक, म्हणजे उंच पट्टीचा आवाज समोर फेकतो, जाड आवाज मात्र चहूकडे पसरतो आणि भिंतीला वळसा घालूनही येतो. बंदिशीचे शब्द ओळखू येतात ते 'त', 'स', 'श' अशा व्यंजनांमुळे, आणि ती सगळी बारीक आवाजात असतात. तानपुऱ्याची झणक आणि तबल्याच्या चाटीची, म्हणजे काठाची, टणकही तिथलीच. चिऱ्याच्या गडग्याने तेवढं नेमकं अडतं. म्हणून जवळची जागा शोधू नका, स्पीकरचं तोंड दिसेल अशी जागा शोधा. अंतर दुप्पट झालं तर मोकळ्यावर आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. हे कानाला जाणवतं, पण शब्द टिकतात. मागे बसून शब्दच गेले तर मोठ्या आवाजाचा उपयोग काय?

दुसरा विचार वाऱ्याचा. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई जमिनीवरून समुद्राकडे वाहते आणि मधे, सूर्यास्तानंतर, हवा पडते. वारा जमिनीलगत मंद आणि वर जोराचा असतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर जाणारा आवाज खाली वाकून आपल्यापर्यंत येतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू झाला आणि खारा वारा अजून असला तर पटांगणाच्या पूर्वेला बसा. रात्री मतलई सुटली तर पश्चिमेची बाजू बरी. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा, आपोआप कळेल. डासही जरा लांब राहतील.

रात्रीच गाणं लांबवर का ऐकू येतं, याचंही कारण हवेतच आहे. दिवसा जमीन तापते, खालची हवा गरम असते आणि आवाज वर वळतो. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते. खालची हवा थंड, वरची ऊबदार, आणि थंड हवेत आवाजाचा वेग कमी. त्यामुळे तो खाली वळतो. म्हणून पौष-माघातल्या थंडीत पलीकडच्या वाडीतलं भजन अंगणात ऐकू येतं. मधे खाडी असली तर आणखीच, कारण सपाट पाणी आवाज शोषत नाही, परतवतं. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो. ते आवार उंचावर आणि खाली भाट्याची खाडी. ब्रह्मदेशाच्या राजाला तिथे कैदेत ठेवणाऱ्या इंग्रजांनी आवाजाचा विचार केला नसणार, पण मैफलीला जागा उत्तम आहे.

माडाच्या आणि सुरूच्या झाडांखाली मात्र बसू नका. झाडं आवाज फारसा अडवत नाहीत, पण वाऱ्याने सुरूची सळसळ सुरू झाली की ती नेमकी बारीक आवाजावर बसते. लाटांचंही तसंच. समुद्राजवळ असाल तर वाळूचा उंचवटा तुमच्या आणि लाटांच्या मधे येईल असं बसा.

लांब बसल्यावर स्पीकरमधला आवाज उशिरा येतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. गवयाचा हात दिसत असेल तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हाताआधी की नंतर असं वाटून गोंधळ होतो. अशा वेळी डोळे मिटून ऐका.

आणि ताई, गडग्यावर किंवा गडग्याला टेकून बसू नका. रचलेल्या चिऱ्यांत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं, रात्री ते बाहेर पडतं. बॅटरी मारून जागा बघा, गडग्यापासून चार हात लांब चटई टाका आणि सासूबाईंसाठी घरची खुर्ची घेऊन जा. हवं तेव्हा त्यांना उठून पाय मोकळे करता येतील. बाहेर बसण्याचा हाच तर मोठा फायदा.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे, तबला शिकतो. बाहेरून ऐकताना मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि नंतर ठेका ऐकून सराव करतो. मित्र म्हणतात इंटरनेटवर टाक, खूप लोक बघतील. टाकू का?
— एक विद्यार्थी, देवगड तालुका

उत्तर : सरावासाठी स्वतःजवळ ठेव, टाकू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क मानलेला आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. स्वतःच्या वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अभ्यासासाठी केलेलं ध्वनिमुद्रण त्यातून वगळलं आहे, पण ते जगापुढे मांडायला कलाकाराची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी तूच विचार कर. त्या गवयाचा आवाज त्या रात्री जरा बसलेला असेल, गडग्यामागून तुझ्या मोबाईलमध्ये तो आणखी बिघडून आला असेल, आणि लोक तेच त्याचं गाणं समजतील. उद्या तू वाजवशील तेव्हा तुझ्याबाबतीत असं व्हावं असं तुला वाटेल का?

एक सल्ला. मोबाईल हातात धरून राहू नकोस. कुठेतरी ठेव आणि मांडीवर हाताने ताल धर.

प्रश्न : आमचं घर मैदानाला लागूनच आहे. वडील आजारी आहेत. बाहेर जमणाऱ्या लोकांचा नाही, पण स्पीकरचा त्रास होतो. तक्रार करावी का?
— एक वाचक

उत्तर : आधी आयोजकांना जाऊन भेटा, वडिलांचं सांगा आणि स्पीकरचं तोंड फिरवायला लावा. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं. नाही ऐकलं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आधार तुम्हाला आहे. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा पूर्वी रात्रभर चालायचा, आता त्यालाही रात्रीची वेळ पाळावी लागते. मला रात्रभराच्या मैफली फार प्रिय होत्या. तरीही आजारी माणसाची झोप आधी, हे मी मनापासून म्हणतो.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ले तालुक्यात दरवर्षी एक संगीत रात्र करतो. अलीकडे आत जितके श्रोते तितकेच बाहेर असतात. समितीतले काहीजण म्हणतात, चारी बाजूंनी पत्रे लावू म्हणजे बाहेर आवाज जाणार नाही आणि लोक तिकीट काढतील. तुमचं मत?
— एक आयोजक

उत्तर : पत्रे लावू नका. कनातीच्या कापडाने आवाज अडत नाही आणि पातळ पत्रा जाड आवाजाबरोबर स्वतःच खडखडतो. आतल्या श्रोत्यांच्या कानाला तो खडखडाट नको होईल, बाहेर मात्र आवाज जातच राहील.

तुमचा आवाज बाहेर एवढा जातो याचा अर्थ बहुधा पुढच्या दोन स्पीकरवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची धडपड चाललेली आहे. त्याऐवजी मधल्या रांगांजवळ दोन लहान स्पीकर उभे करा, त्यांची तोंडं खाली श्रोत्यांकडे झुकवा आणि पुढच्यांचा आवाज उतरवा. मागच्या स्पीकरना थोडा उशीर द्यायला सांगा, चौतीस मीटरला सेकंदाचा दहावा भाग या हिशेबाने. नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतील. तुमच्या साऊंडवाल्याला हे माहीत असेल, पण भाड्यात बसत नाही म्हणून तो बोलत नसेल. त्याला जास्तीचे थोडे पैसे द्या. आतलं गाणं सुधारेल, शेजारच्यांचा त्रास कमी होईल, आणि बाहेरच्यांना ऐकू येईल पण बेताने. त्यातल्या ज्यांना परवडतं ते पुढच्या वर्षी नीट ऐकायला आत येतील. जे येणार नाहीत त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसतात, पत्र्यांनी ते येणार कुठून?

आणि तुमच्याच तालुक्यातल्या जत्रांचं बघा. तिथे तबक लोकांमधून फिरतं ना? मग तुम्हीही बाहेरच्यांत फिरवा. समितीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने आरतीचं तबक घेऊन मध्यंतरात बाहेरच्या लोकांमधून एक फेरी मारावी. न देणाऱ्याकडे थांबू नये, बघूही नये. जमेल ते रक्कम म्हणून लहान असेल, पण बाहेर बसलेला माणूसही मग मान खाली न घालता बसेल.

साऊंड चेक दुपारी उरकू नका, दिवेलागणीला करा, कारण दुपारची हवा वेगळी असते. तेव्हा एकाला गाऊ द्या आणि तुम्ही स्वतः बाहेरून एक चक्कर मारा. ज्या बाजूला शब्द स्पष्ट कळतात तिथे रस्ता सोडून दोरी बांधा, म्हाताऱ्यांसाठी दोन बाकं ठेवा, आणि गाड्यांना तिकडून जायला बंदी करा.