हे ग्लूटेन बोलतंय की वजनकाटा?

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी सिलिॲकचं, म्हणजे ग्लूटेन न चालणाऱ्या आजाराचं, निदान झालं. तोवर मी काडीसारखी होते आणि सगळे त्याचं कौतुक करायचे. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) बंद केल्यावर पोट शांत झालं, पण आठ महिन्यांत ७ किलो वजन वाढलं. तेव्हापासून कुणी ताट पुढे केलं की 'यात ग्लूटेन असेल' म्हणते आणि उपाशी राहते. आजार माहीत असल्याने कुणी आग्रहही करत नाही. खरं सांगू? दोन-तीनदा मी मुद्दाम गव्हाचं खाल्लं. पोट बिघडलं, वजन उतरलं, आणि मला बरं वाटलं. हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.

उत्तर : अगं, आधी लाजेचं. वजन उतरावं म्हणून मुद्दाम गहू खाणारी तू पहिली नाहीस. आम्हा आहारतज्ज्ञांना हा प्रकार ठाऊक आहे.

सिलिॲकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे तिथले अंकुर झिजतात. तू काडीसारखी होतीस, कारण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. लोक कौतुक करत होते ते कुपोषणाचं. आतडं भरून येऊ लागलं, त्यानंतर हे ७ किलो आले. मुद्दाम खाल्लेल्या गव्हाने दोन दिवसांत उतरतं ते मुख्यतः पाणी. आतड्याला होणारी इजा मात्र पोट शांत झाल्यावरही मागे उरते, आणि हे वारंवार होत राहिलं तर रक्तक्षय आणि ठिसूळ हाडं.

स्वीडनमध्ये सिलिॲक असलेल्या सुमारे १८ हजार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढेल या भीतीने उपाशी राहण्याच्या विकाराचं, प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं, सिलिॲकच्या निदानाआधीही आणि नंतरही. निदानाआधीच्या काहींमध्ये सिलिॲकलाच ॲनोरेक्सिया समजण्याची गफलत झाली असू शकते. वजन घटणं, पोट फुगणं, पाळी चुकणं ही लक्षणं दोन्हींकडे सारखीच. निदानानंतरचं मात्र मला चांगलं समजतं. मलाही सिलिॲक आहे. पिशवीत गव्हाच्या पिठाशेजारी ठेवलं होतं म्हणून मी एकदा केळं फेकून दिलं. सालीतलं केळं! जिथे पथ्य हाच उपचार, तिथे संशयाची सवय लागायला वेळ लागत नाही. वर त्या संशयाला सगळे 'किती काळजी घेते' म्हणतात.

तू एक करून बघ. स्वतः रांधलेलं, जिन्नस न् जिन्नस ठाऊक असलेलं ताट समोर घे. तरीही हात मागे येत असेल, तर अडवणारं ग्लूटेन नाही.

पोटाच्या डॉक्टरांना सगळं सांग आणि आहारविकारांवर काम करणारा समुपदेशकही गाठ. एक मेख आहे. या विकारांच्या उपचारात बऱ्याचदा 'कुठलाच पदार्थ निषिद्ध नाही' असं शिकवतात. तुझ्या बाबतीत गहू, बार्ली आणि राय ही धान्यं निषिद्धच राहणार, तेव्हा समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. वजन तपासणीच्या वेळीच करायचं, घरचा काटा कुणाला तरी देऊन टाक. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर थांबू नकोस, लगेच जा.

डॉक्टरांसमोर शब्द फुटले नाहीत, तर 'खरं सांगू?'पासूनचा मजकूर कागदावर उतरवून त्यांच्या हातात दे.